पाण्याच्या परातीवरचा पांढरट बुलबुल

ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळ तुमच्या घरामागच्या परसबागेत, चिकूखाली ठेवलेल्या पाण्याच्या परातीवर मार्चपासून एक पांढरट पक्षी येतोय. तो बुलबुलांबरोबर असतो आणि त्याच्या शेपटीखाली लाल ठिपका आहे. शेजारी त्याला शुभ मानतात. पुतण्याला वाटतं ही नवी जात असेल. दिरांचं म्हणणं, कावळे आणि शिक्रे त्याला जगू देणार नाहीत, तेव्हा पकडून पिंजऱ्यात सांभाळू या. तुम्ही मे महिन्यात काढलेले नऊ फोटो पाठवलेत आणि विचारलंय की हा पक्षी कोणता, तो असा का झाला, त्याची पिल्लंही अशीच होतील का आणि त्याला वाचवायचं कसं.

यातल्या शेवटच्या प्रश्नाला घाई आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. त्याला पकडू नका. बुलबुल हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित पक्षी आहे. तो पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, कुणाला देणं किंवा विकणं हा गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच राहील. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरी पांढरी साळुंकी अशीच 'वाचवण्यासाठी' पिंजऱ्यात ठेवली होती. मी तिला अंगणात मोकळी असताना दोन महिने पाहिली होती. ती किडे टिपायची, भांडायची, इतर साळुंक्यांसारखीच झोपायला चिंचेवर जायची. पिंजऱ्यात ती तारांवर चोच आपटत राहिली आणि अकराव्या दिवशी मेली. मी तेव्हा ठामपणे बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून आता कुणी विचारलं की पहिलं वाक्य हेच लिहितो.

आता पक्षी कोणता ते. तुमचा अंदाज बरोबर आहे, हा लालबुड्या बुलबुलच आहे. रंग फसवा असला की मी आकाराकडे जातो. तिसऱ्या फोटोत डोक्यावरची छोटी, मागे झुकलेली शेंडी स्पष्ट दिसते. पाचव्या फोटोत तो उडायच्या बेतात आहे. तिथं शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला शुभ्र पट्टा आहे, शेपटीचं टोकही पांढरं आहे. या दोन पांढऱ्या खुणा तर साध्या लालबुड्या बुलबुलालाही असतात. त्यात शेपटीखालचा लाल रंग, परातीच्या काठावर बसायची ढब आणि सोबतचे बुलबुल धरले की शंका उरत नाही. नवी जात नाही, हे पुतण्याला सांगा. पण त्याला तसं वाटलं हे चांगलंच आहे. सालिम अलींनी शाळकरी वयात छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथं सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी म्हणून ओळखली आणि संग्रहातले पक्षी उघडून त्या मुलाला दाखवले. म्हणजे 'हिचा रंग वेगळा का?' या प्रश्नाचं उत्तर कधी कधी 'ही वेगळीच जात आहे' असं असतं. आपल्या बाबतीत ते तसं नाही, एवढंच.

मग हा असा का? इथं बहुतेक जण एकच शब्द वापरतात, अल्बिनो. तुमच्या पत्रातही तो दोनदा आलाय. मला तो खोडायचा आहे, आणि का खोडायचा हे नीट सांगायचं आहे, कारण त्यातूनच तुमच्या पक्ष्याची खरी गंमत कळते.

पांढऱ्या रंगाचं द्रव्य पक्ष्याच्या पिसात नसतंच. पिसात रंगद्रव्य नसलं की सगळा प्रकाश विखरून परत येतो आणि पीस पांढरं दिसतं, समुद्राचा फेस दिसतो तसं. तेव्हा पक्षी 'पांढरा झाला' म्हणजे त्याच्या अंगातून काहीतरी कमी झालं. काय कमी झालं हे ओळखायचं तर अंगावर काय उरलंय ते बघावं लागतं. विचित्र रंगाचा पक्षी दिसला की मी सगळ्यात आधी उरलेला रंग शोधतो: डोळा, चोच, पाय, आणि पिसांतले लाल-पिवळे भाग.

पक्ष्यांच्या पिसांतला काळा, करडा, तपकिरी आणि विटकरी रंग मेलॅनिनमुळे येतो. मेलॅनिन दोन प्रकारचं. एक काळ्या-करड्या छटांचं, त्याला युमेलॅनिन म्हणतात. दुसरं तांबूस-बदामी छटांचं, ते फिओमेलॅनिन. दोन्ही पक्ष्याच्या स्वतःच्या पेशींत तयार होतात. लाल, केशरी, पिवळा हे रंग पुष्कळ पक्ष्यांत कॅरोटिनॉइडमुळे येतात आणि ते खाण्यातून मिळतात, फळं आणि किड्यांतून. म्हणजे मेलॅनिनचा कारखाना बंद पडला तरी पिंपळ-उंबराच्या फळांचं दुकान चालूच असतं. म्हणूनच पांढऱ्या बुलबुलाच्या शेपटीखाली लाल ठिपका शाबूत राहतो. अनेकांना तो ठिपका बघून वाटतं की हा संकर असावा. संकराचा काही संबंध नाही. लाल रंगाचा रस्ताच वेगळा आहे.

अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन तयार करणारं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) काम करत नाही. त्यामुळे पिसांत, कातडीत आणि डोळ्यांतही मेलॅनिन शून्य. डोळा लालसर दिसतो, कारण आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. चोच आणि पाय गुलाबी. डोळ्यातलं मेलॅनिन नसल्यानं असा पक्षी उन्हात नीट पाहू शकत नाही, अंतराचा अंदाजही त्याला येत नाही. घरट्यात आईबाप भरवतात तोवर ठीक, पण घरटं सोडल्यावर तो फार दिवस टिकत नाही. मार्चपासून मेअखेरपर्यंत रोज परातीवर येणारा, मांजराची चाहूल लागताच झेप घेऊन नेमक्या फांदीवर बसणारा तुमचा पक्षी अल्बिनो असणं अवघड आहे, आणि दुसऱ्या फोटोतला त्याचा डोळा तर चक्क काळाभोर आहे. तिथं तो मुद्दा संपतो.

ही चूक फक्त घरगुती निरीक्षकांची नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ट्रिंग इथल्या संग्रहात काम करणारे हाइन व्हान ग्रौ यांनी वर्षानुवर्षं असे विचित्र रंगांचे पक्षी अभ्यासले. पुण्याचे पक्षीतज्ज्ञ अनिल महाबळ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतातल्या जुन्या नोंदीही तपासल्या आणि 2016 साली ते काम प्रसिद्ध झालं. अल्बिनो म्हणून छापल्या गेलेल्या पुष्कळशा नोंदी प्रत्यक्षात दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकारच्या निघाल्या. तेव्हा हा गोंधळ जुना आहे आणि जाणत्यांच्या हातूनही झालेला आहे.

अल्बिनो नाही तर लोक लगेच दुसरा शब्द घेतात, ल्युसिस्टिक. प्राणिसंग्रहालयातला पांढरा मोर हे त्याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण. पिसं शुभ्र, डोळा मात्र काळा. ल्युसिझममध्ये रंगद्रव्य बनवण्याची पद्धत बिघडलेली नसते, रंग बनवणाऱ्या पेशीच जागेवर पोचत नाहीत. अंड्यात गर्भ वाढत असताना या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूनं निघून सगळ्या अंगभर पसरत जातात. वाटेत कमी पडल्या तर शेवटी पोचायच्या जागा कोऱ्या राहतात: चेहरा, पोट, पंखांची टोकं, पाय. म्हणून अर्धवट ल्युसिस्टिक कावळ्याचं तोंड आणि पंखांची टोकं पांढरी आणि पाठ काळी असं दिसतं. हे पांढरेपण जन्मापासून असतं आणि पिसं कितीदाही बदलली तरी ते भाग तसेच येतात.

याहून कितीतरी जास्त दिसणारा प्रकार म्हणजे वयाबरोबर पिसं पांढरी होत जाणं. आपले केस पिकतात तसंच हे बाहेरून दिसतं. आधी दोन-चार पिसं, कुठंही विखुरलेली, पुढच्या पीसबदलात आणखी काही, असं वाढत जातं. चोच आणि पाय मात्र जातीच्या नेहमीच्या रंगाचेच राहतात. बसस्टँडच्या आसपासच्या साळुंक्या आणि चिमण्या पाहत राहा, वर्षा-दोन वर्षांत अशी एखादी नक्की सापडेल. शहरातल्या कावळ्यांच्या पंखांवर कधी कधी फिकट पट्टे दिसतात, ते आणखी वेगळं. युरोपातल्या काळ्या कावळ्यांत असं आढळलंय की पिल्लूपणी प्रथिनं कमी मिळाली की पिसांत रंग नीट भरत नाही. पुढे खाणं सुधारलं तर पुढच्या पीसबदलात तो कावळा पुन्हा काळा होतो.

आता तुमचे फोटो. तुम्ही 'पांढरट' लिहिलंय, आणि लांबून तो तसाच दिसतो. पण चौथा आणि सातवा फोटो मोठा करून शेजारी-शेजारी ठेवा. डोकं पांढरं नाही, दूध जास्त पडलेल्या कॉफीसारखं आहे. साध्या बुलबुलाचं डोकं काळं असतं, तिथं हा रंग आहे. पाठ मळकट साईसारखी. आणि सातव्या फोटोत तो अंग फुलवून पिसं साफ करतोय, तिथं मला हवं ते सापडलं. पंखाच्या वरच्या पिसाखाली झाकलेला भाग उघडा पडलाय आणि तो चक्क गडद तपकिरी आहे. उघड्यावरचा भाग फिका, झाकलेला भाग गडद. एकाच पिसाच्या दोन टोकांत असा फरक जन्मतः येत नाही. तो उन्हानं केलेला आहे.

याला तपकिरी विकृती म्हणतात. ('विकृती' हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण दुसरा रुळलेला नाही.) यात काळं मेलॅनिन तयार होतं, पण त्याची शेवटची पायरी अपुरी राहते. त्यामुळे जिथं काळं यायला हवं तिथं तपकिरी येतं. हे अर्धवट शिजलेलं रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. पीस नवं असताना तो पक्षी चॉकलेटी दिसतो, मग महिन्या-महिन्यानं विटत जातो, आणि उन्हाळा संपता संपता जवळजवळ पांढरा होतो. तुम्ही मार्चमध्ये त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'जरा मातकट' वाटला आणि आता 'अगदी पांढरा' वाटतो असं लिहिलंय. ते वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. वाईचं एप्रिल-मेचं ऊन त्या पिसांवर रोज पडलंय.

फिक्या रंगाचे आणखी एक-दोन प्रकार आहेत. एकात काळ्याचा राखी-चंदेरी होतो, दुसऱ्यात पक्षी जवळपास रंगहीन होऊन डोळाही गुलाबीसर दिसतो. काळा डोळा आणि झाकलेला गडद तपकिरी भाग यांमुळे ते दोन्ही इथं बसत नाहीत.

पिल्लांच्या प्रश्नाकडे येतो, कारण आता त्याला नेमकं उत्तर देता येतं. ही तपकिरी विकृती लिंगाशी जोडलेली आणि अप्रभावी असते. पाळीव पक्ष्यांच्या पैदाशीतून हे पक्कं समजलं आहे. माणसात नराकडे एक्स आणि वाय अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात. पक्ष्यांत उलटं असतं. नराकडे झेड-झेड अशी सारखी जोडी आणि मादीकडे झेड-डब्ल्यू अशी वेगळी. तपकिरी रंगाचा जनुक झेडवर बसतो. मादीकडे झेड एकच, तो बिघडलेला आला की रंग लगेच बाहेर दिसतो. नराला मात्र दोन्ही झेड बिघडलेले मिळावे लागतात, आणि जंगलात असा योग क्वचित येतो. म्हणून रानात दिसणारे असे तपकिरी पक्षी जवळजवळ सगळे माद्या असतात. लालबुड्या बुलबुलाचे नर-मादी दिसायला सारखेच, आम्हीसुद्धा नुसतं पाहून सांगू शकत नाही. पण तुमच्या परातीवर येणारा बुलबुल ही बहुधा 'ती' आहे, आणि हे तिच्या रंगानंच सांगितलंय. इथून पुढे मी तिला 'ती'च म्हणतो.

तिला हा जनुक बापाकडून मिळाला, कारण मुलीला झेड बापाकडूनच येतो. बाप दिसायला अगदी साधा, काळ्या डोक्याचा असणार, पण त्याच्या एका झेडवर हा जनुक लपलेला. अशा बापाच्या मुलींपैकी सरासरी निम्म्या तपकिरी निघतात. म्हणजे त्याच पट्ट्यात, ओढ्याच्या कडेनं किंवा शेजारच्या आमराईत, तिची एखादी बहीण फिरत असू शकते. पुतण्याला हे काम द्या, त्याला नवी जात सापडली नाही याची भरपाई होईल. तिची स्वतःची पिल्लं मात्र साध्याच रंगाची होतील, जोडीदार साधा असला तर. मुलग्यांकडे तिचा जनुक जाईल पण दिसणार नाही, मुलींकडे तो जाणारच नाही. नातवंडांत मात्र तो पुन्हा वर येऊ शकतो. तेव्हा यंदाच्या घरट्यातून काळ्या डोक्याची पिल्लं बाहेर पडली तर 'ही तिची नव्हेतच' असं कुणी म्हणू नये.

ती टिकेल का, हा दिरांचा प्रश्न रास्त आहे. वेगळी दिसणारी शिकार शिक्र्याच्या नजरेत लवकर भरते, हे मी नाकारत नाही. दुसरी अडचण पिसांची. मेलॅनिन रंग देतं तसं पिसाला बळकटीही देतं. पांढऱ्या करकोच्याच्या आणि कितीतरी कुरवांच्या पंखांची टोकं काळी असतात, सगळ्यात जास्त झीज तिथं होते म्हणून. तुमच्या बुलबुलाच्या पंखांची टोकं आठव्या फोटोत विरलेल्या कापडासारखी दिसताहेत, ते याचमुळे. पण तिची नजर चांगली आहे, ती थव्यात आहे, तिला इतर बुलबुल हाकलत नाहीत. माझ्या गावात दोन्ही पंखांत पांढरी पिसं असलेली एक साळुंकी मी सलग चार वर्षं पाहिली आणि तिची पिल्लंही पाहिली. शिक्रा तिच्या नशिबात असेल तर तो साध्या बुलबुलाच्याही नशिबात आहे. परसबागेतला खरा धोका वेगळाच आहे आणि तो तुमच्या पहिल्याच फोटोच्या कोपऱ्यात दिसतोय: भिंतीवर बसलेलं मांजर.

त्याबद्दल मात्र काहीतरी करता येईल. परात चिकूच्या बुंध्याशी ठेवलीय, तिथं मांजराला दबा धरायला आळं आणि कुंड्या आहेत. ती तिथून काढून उघड्यावर, पण झुडपापासून सात-आठ फुटांवर ठेवा, म्हणजे पक्ष्याला मांजर येताना दिसेल आणि उडून लपायलाही जागा असेल. पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड टाका. रोज परात घासून पाणी बदला, कारण एकाच पाण्यात सगळे आले की रोगही तिथंच पसरतात. बुलबुलांना देवी होतात, डोळ्याजवळ किंवा पायावर मस्से दिसले तर आठ-दहा दिवस परात उचलून ठेवणंच बरं. वेगळं खाद्य घालू नका. तुमच्याकडे पेरू, चिकू आणि कुंपणाला घाणेरी आहे, किडे भरपूर आहेत, फवारणी तेवढी टाळा. बुलबुल घरटं कमी उंचीवर, हात पोचेल अशा झुडपातही बांधतो. ते सापडलं तर जवळ जाऊन फोटो काढू नका. माणसाच्या ये-जा करण्यानं भारद्वाज आणि टकाचोरांना घरट्याचा पत्ता लागतो आणि अंडी-पिल्लं जातात. मी हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं पाहिलंय, तेव्हा फोटो माझाच होता.

आणखी एक काळजी. फोटो लोकांना दाखवा, पण घराचा पत्ता लावू नका. विचित्र रंगाच्या पक्ष्याला गिऱ्हाईक असतं, विशेषतः पिवळ्या पोपटांना. (त्यात मेलॅनिन नसतं, म्हणून हिरव्यातला पिवळाच उरतो. पोपटांचं लाल-पिवळं द्रव्य खाण्यातून येत नाही, ते त्यांच्या अंगातच तयार होतं.) पकडणारे बातमीच्या वासावर असतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण गावाच्या किंवा परिसराच्या नावानं द्या. आय-नॅचरलिस्ट या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर नेमकी जागा झाकायची सोय आहे, ती वापरा. कुणी जाळं लावताना दिसलं किंवा पक्षी जखमी सापडला तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं इतरांसाठीही थोडं लिहितो, कारण दर महिन्याला मला असे दोन-तीन प्रश्न येतात आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांत बिघाड काहीच नसतो. पावसाच्या तोंडावर 'पिवळी चिमणी' दिसली म्हणून कळवतात, तो विणीच्या रंगात आलेला सुगरण नर असतो. केशरी डोक्याचा बगळा म्हणजे विणीच्या पिसाऱ्यातला गाय बगळा. 'पांढरा, लांब रिबिनीच्या शेपटीचा' म्हणजे स्वर्गीय नर्तकाचा पूर्ण वयाचा नर, त्याची मादी तांबूस. डबक्याकाठचा मातकट ढोकरी उडाला की एकदम पांढरा होतो, तेवढ्यानंही लोक दचकतात. शिंजिराचा नर विणीनंतर आपला जांभळा अंगरखा उतरवतो आणि गळ्यावरून खाली एक गडद पट्टा तेवढा ठेवतो, त्याला दर वर्षी कुणीतरी नवा पक्षी समजतं. डोक्याची पिसं झडलेली टकली साळुंकी पाहून गिधाडाचं पिल्लू का, असंही मला विचारलं गेलंय.

पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा मध प्यायला आलेल्या लहान पक्ष्यांच्या कपाळावर परागांचा पिवळा-केशरी टिळा लागतो. मी सुरुवातीच्या काळात एका वटवट्याच्या कपाळावरचा असा टिळा वहीत जातीची खूण म्हणून लिहिला होता आणि पुढच्या आठवड्यात तो धुतला गेला. रंगपंचमीनंतर हिरवी-गुलाबी कबुतरं दिसतात. पक्षीबाजारात मुनियांना रंग देऊन विकायची वाईट चाल आहे. त्यातली एखादी सुटून किंवा सोडून दिलेली तुमच्या अंगणात उतरू शकते. तिचा रंग पिसाच्या रेषांत न भरता वरून लेपल्यासारखा असतो आणि चोचीवर-पायांवरही लागलेला दिसतो. आणि ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणतात ते बजरीगर, कॉकॅटील, पांढरी जावा चिमणी हे पिंजऱ्यातून सुटलेले परदेशी पक्षी. ते माणसाला फारसे घाबरत नाहीत, ही त्यांची पहिली खूण. असा सुटलेला पाळीव पक्षी दिसला तर मात्र त्याचा मालक शोधायला हवा, कारण तो आपल्याकडच्या उन्हापावसात आणि कावळ्यांत स्वतःहून जगू शकेलच असं नाही.

फोटोंबद्दल थोडं. मोबाइल फिक्या पक्ष्याला आणखी पांढरा करतो. पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. भर उन्हात काढू नका, सकाळी साडेसातच्या आत किंवा सावलीत काढा. साधा बुलबुल शेजारी असेल असा एक तरी फोटो हवाच, तुलना त्याच्याशीच करायची असते. डोळा, चोच आणि पाय स्पष्ट आले पाहिजेत. आणि ती पिसं साफ करत असेल तेव्हा व्हिडिओ काढा, कारण झाकलेले भाग तेव्हाच दिसतात. गळालेलं पीस सापडलं तर ते पट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि तिथंच राहू द्या.

आम्ही पक्ष्यांच्या पायात कडी घालायच्या शिबिरांत दिवसभर राबायचो ते एवढ्यासाठीच, की उद्या हाच पक्षी परत दिसला तर ओळखता यावा. तुमची बुलबुल कडीशिवाय ओळखू येते. त्यामुळे साध्या बुलबुलांत जे कधीच समजत नाही ते तिच्यात समजेल: घरट्याच्या काड्या कोण आणतं, अंड्यांवर कोण किती वेळ बसतं, ती किती दूरवर फिरते, जोडीदार तोच राहतो का. एक साधी वही करा. तारीख, वेळ, सोबत कोण, काय खाल्लं. रोज दोन ओळी पुरेत.

आणि एक गोष्ट पाहायची राहिलीय. माझं निदान बरोबर असेल तर विणीचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती पिसं बदलेल. पंखांत आणि शेपटीत एक-एक गडद चॉकलेटी पीस दिसायला लागेल, जुन्या विटलेल्या पिसांच्या शेजारी. त्या दिवसांत ती ठिगळं लावल्यासारखी दिसेल आणि शेजारी म्हणतील आजारी पडली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती तपकिरी झालेली असेल, इतकी की पांढरी बुलबुल उडून गेली असंच तुम्हाला वाटेल. तशी नवी पिसं न येता ती पुन्हा पांढरीच आली, तर मी चुकलो आणि तिला ल्युसिस्टिक म्हणावं लागेल. सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी पंखाचा एक फोटो काढा, शक्यतो त्याच परातीवर, त्याच बाजूनं, आणि मला पाठवा.